गेटिसबर्गनंतरचे एकवीस महिने

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३च्या जुलैत गेटिसबर्गच्या लढाईत पारडं उत्तरेच्या बाजूने फिरलं असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग लढाई पुढे एकवीस महिने का चालली? आणि एका सेनापतीने एका खेड्यातल्या घरात सही केली म्हणून अख्ख्या देशातलं युद्ध कसं थांबलं?

हे युद्ध मी सव्वीस वर्षं पदव्युत्तर वर्गाला शिकवतो आहे आणि जवळजवळ दर वर्षी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारणाऱ्याला पाठ्यपुस्तकातली फट दिसलेली असते, म्हणून मी त्या दिवशीचा ठरलेला पाठ बाजूला ठेवतो. इथेही जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करू. दोन्ही बाजूंना जिंकण्यासाठी काय करावं लागणार होतं? दक्षिणेला उत्तरेचा मुलूख जिंकायचा नव्हता. तिला फुटून वेगळं राहायचं होतं. म्हणजे उत्तरेच्या लोकांना लढाईचा वीट येईपर्यंत तग धरला की दक्षिणेचं काम झालं. उत्तरेला मात्र तो सगळा अवाढव्य प्रदेश जिंकावा लागणार होता, ताब्यात ठेवावा लागणार होता आणि वर तिथल्या लोकांना पुन्हा त्याच देशात नांदायला लावायचं होतं. उत्तरेची लोकसंख्या दोन कोटींच्या वर. दक्षिणेची सुमारे ९० लाख, आणि त्यातले ३५ लाख गुलाम. लोहमार्ग उत्तरेकडे २२ हजार मैल, दक्षिणेकडे ९ हजार. हे आकडे बघून विद्यार्थी म्हणतात की निकाल ठरलेलाच होता. पण हेच आकडे १८६१ मध्येही होते आणि तरी चार वर्षं लागली. दुबळ्या बाजूकडे जिंकण्याची एक जरी वाट उरली असेल तरी ती लढत राहते. दक्षिणेची ती वाट गेटिसबर्गला बंद झाली नव्हती.

गेटिसबर्गला झालं काय? १ ते ३ जुलै, तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून ५० हजारांच्या आसपास लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या फौजेचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. पण उरलेली फौज घेऊन ते पोटोमॅक नदी ओलांडून सुखरूप परत गेले. उत्तरेचे सेनापती मीड यांनी त्यांना नदीकाठी गाठून चेपलं नाही. लिंकन इतके अस्वस्थ झाले की त्यांनी मीडना एक कडक पत्र लिहिलं. मग ते पाठवलंच नाही. पाकिटावर 'पाठवलं नाही, सही केली नाही' अशा अर्थाची नोंद करून ठेवून दिलं. युद्ध संपवण्याची संधी हातची निसटली हे त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं.

त्या जुलैतली एकच घटना निवडायला सांगितली तर मी व्हिक्सबर्ग निवडेन. मिसिसिपी नदीवरच्या या दक्षिणेच्या ठाण्याला उत्तरेचे सेनापती ग्रँट यांनी ४७ दिवस वेढा घातला होता. गावातली माणसं तोफांच्या भडिमारापासून वाचायला टेकडीत गुहा खोदून राहत होती. ४ जुलैला ठाणं पडलं आणि जवळपास ३० हजारांची फौज शरण आली. पाच दिवसांनी पोर्ट हडसनही गेलं. सगळी मिसिसिपी उत्तरेच्या हातात आली आणि टेक्सास, आर्कान्सा व पश्चिम लुइझियाना बाकीच्या दक्षिणेपासून तुटले. गेटिसबर्गला लींना अडवलं गेलं, तर व्हिक्सबर्गला दक्षिणेची एक पूर्ण फौज पटावरून उचलली गेली.

आणि तरीही त्यानंतर दहाच दिवसांच्या आत, १३ जुलैला, न्यूयॉर्क शहर पेटलं. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला होता आणि त्यात ३०० डॉलर भरून सुटता येत होतं. मजुराच्या दृष्टीने ती जवळपास वर्षाची कमाई. चार दिवस दंगल चालली. जमावाने कृष्णवर्णीय नागरिकांना रस्त्यात ठार मारलं, त्यांच्या मुलांचा अनाथाश्रम जाळला. रणांगणावर दोन मोठे विजय मिळालेल्या उत्तरेची मनःस्थिती ही होती. दक्षिणेची आशा या मनःस्थितीवर टिकून होती आणि ती अजिबात वेडगळ नव्हती.

त्यामुळे पारडं फिरलं ते कधी, याचं माझं उत्तर आहे १८६४चा मे ते नोव्हेंबर.

मार्च १८६४ मध्ये ग्रँट उत्तरेच्या सगळ्या फौजांचे प्रमुख झाले. मेच्या पहिल्या आठवड्यात व्हर्जिनियातल्या विल्डरनेस नावाच्या दाट झाडीत त्यांची आणि लींची गाठ पडली. दोन दिवसांत उत्तरेचे १७ हजारांहून अधिक लोक कामी आले किंवा जायबंदी झाले. झाडीला आग लागून जखमी माणसं जिथे पडली होती तिथेच जळाली. याआधी प्रत्येक वेळी असा मार खाल्ला की ही फौज नदी ओलांडून माघारी जायची, सेनापती बदलायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा यायची. ७ मेच्या रात्री सैनिकांना छावणी उठवायचा हुकूम मिळाला तेव्हा त्यांनाही तेच वाटलं. अंधारात रांगा चालत चालत एका चौफुलीवर आल्या. डावीकडचा रस्ता घरी जात होता, आणि रांगा वळल्या दक्षिणेकडे. दोन दिवस मरण बघून थकलेल्या त्या माणसांनी हे लक्षात येताच टोप्या उडवून आरोळ्या ठोकल्या. शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून ग्रँटना त्यांना गप्प करायला सांगावं लागलं. वर्गात मी हा प्रसंग सांगतो तेव्हा दर वेळी क्षणभर थांबतो. विजय झालेला नव्हता, उलट तोंड फुटलं होतं, आणि तरी ती माणसं पुढे जायला मिळतंय म्हणून ओरडत होती.

पण सैनिकांचं मन आणि घरच्यांचं मन यांत अंतर असतं. स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर अशा लढायांत सहा आठवड्यांत उत्तरेचं सुमारे ५५ हजारांचं नुकसान झालं. शेवटी फौज व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गपुढे खंदकांत अडकून बसली. उत्तरेचे दुसरे सेनापती शर्मन जॉर्जियातल्या अटलांटापुढे थबकले होते. वर्तमानपत्रांत मृतांच्या याद्या रकानेच्या रकाने छापून येत होत्या. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक होती.

२३ ऑगस्टला लिंकन यांनी एका कागदावर चार ओळी लिहिल्या, कागद घडी घालून बंद केला आणि मंत्र्यांना आतला मजकूर न दाखवता मागच्या बाजूला सह्या करायला लावल्या. आत लिहिलं होतं की आपण पुन्हा निवडून येण्याची शक्यता फारच कमी दिसते. तसं झालं तर नव्या अध्यक्षाचा शपथविधी होण्याआधीच, त्याच्या सहकार्याने, देश वाचवण्याचा प्रयत्न करावा लागेल, कारण तो ज्या पायावर निवडून येईल त्यानंतर देश वाचवणं त्याला शक्य होणार नाही. गेटिसबर्गनंतर तेरा महिन्यांनी खुद्द लिंकनना युद्ध हातचं चाललंय असं वाटत होतं! पारडं १८६३ मध्येच फिरलं होतं म्हणणाऱ्याने या कागदाचं काय करायचं ते सांगावं.

मग दहा दिवसांत सगळं बदललं. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात युद्ध फसल्याचं जाहीर करणारा ठराव केला आणि मॅक्लेलन यांना उमेदवारी दिली. त्याच आठवड्यात शर्मननी अटलांटाला येणारा शेवटचा लोहमार्ग जोन्सबरोजवळ तोडला. अटलांटा हे लोहमार्गांचं जंक्शन होतं. रूळ गेले की तिथे थांबण्यात अर्थ नव्हता. दक्षिणेचे सेनापती हूड यांनी १ सप्टेंबरच्या रात्री दारूगोळ्याने भरलेल्या आगगाड्या स्वतःच पेटवून दिल्या आणि शहर सोडलं. २ सप्टेंबरला शहर उत्तरेच्या ताब्यात आलं. ती तार वॉशिंग्टनला पोहोचली आणि शिकागोचा ठराव शिळा झाला. पाठोपाठ व्हर्जिनियातल्या शेनांडोआ खोऱ्यात उत्तरेचे सेनापती शेरिडन जिंकले.

८ नोव्हेंबरला लिंकन यांना २१२ आणि मॅक्लेलन यांना २१ निर्वाचक मतं (म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींची मतं) मिळाली. मला त्यातला एक तपशील फार मोलाचा वाटतो. जिथे सैनिकांची मतं वेगळी मोजली गेली तिथे चारांपैकी तिघांहून अधिक जणांनी लिंकनना मत दिलं. मॅक्लेलन त्यांचे जुने आवडते सेनापती होते. लिंकन म्हणजे लढाई पुढे चालू, हे त्या सैनिकांना स्वच्छ माहीत होतं. त्याच वर्षी तीन वर्षांची मुदत संपलेल्या सव्वा लाखाहून अधिक जुन्या सैनिकांनी पुन्हा नाव नोंदवलं होतं, घरी जायचा हक्क असताना. उत्तरेला वीट येईल या आशेवर बसलेल्या दक्षिणेला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळणं शक्य नव्हतं.

आणखी एक बदल तोपर्यंत मुरला होता. १ जानेवारी १८६३ला लिंकन यांनी बंडखोर दक्षिणेतले गुलाम मुक्त असल्याचं जाहीर केलं. या मुक्तिघोषणेनंतर कृष्णवर्णीयांची उत्तरेच्या फौजेत रीतसर भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार जण लष्करात आणि १९ हजार नौदलात दाखल झाले. त्यांतले बरेचसे कालपर्यंत दक्षिणेतले गुलाम होते. म्हणजे एकीकडचे हात कमी होऊन तेच दुसरीकडे वाढत होते. दक्षिणेच्या काँग्रेसने शेवटी, १३ मार्च १८६५ला, गुलामांना सैन्यात घेण्याचा कायदा केला. त्याआधी जॉर्जियाचे हॉवेल कॉब यांनी बजावलं होतं की गुलाम चांगले सैनिक ठरले तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चूक ठरतो. तो चूक असल्याचं तोवर अनेक रणांगणांवर सिद्ध झालेलं होतं.

आता शेवटाकडे येतो, आणि इथे मी नकाशा काढतो. विद्यार्थ्यांना सांगतो की लढायांची नावं सोडा, पीटर्सबर्गला येणारे लोहमार्ग मोजा. पाच. दक्षिणेच्या राजधानीचं, रिचमंडचं, पोट दक्षिणेकडून येणाऱ्या ज्या मार्गांवर चालत होतं ते पीटर्सबर्गमधून जात. ग्रँट यांनी नऊ महिने खंदक पश्चिमेकडे लांबवत नेले आणि एकेक रूळ तोडला. वेल्डनकडचा मार्ग ऑगस्टमध्येच गेला. त्यांच्या स्वतःच्या पाठीशी सिटी पॉइंट हे बंदर होतं, तिथल्या भट्ट्या रोज सुमारे १ लाख सैनिकांचा पाव भाजत होत्या आणि तो खास बांधलेल्या लोहमार्गाने थेट खंदकांमागे पोहोचत होता. पलीकडे लींची माणसं मक्याच्या पिठावर आणि खारवलेल्या मांसाच्या तुकड्यावर दिवस काढत होती. जॉर्जियात धान्य नव्हतं असं नाही, ते आणायला धड रूळ आणि डबे नव्हते. जानेवारी १८६५ मध्ये फोर्ट फिशर पडला आणि विल्मिंग्टन हे परदेशी माल येण्याचं शेवटचं मोठं बंदरही बंद झालं.

शर्मन यांची अटलांटा ते सवाना ही कूच याच साखळीतली. १५ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, सुमारे ६२ हजार माणसं, जाताना साठ मैल रुंदीच्या पट्ट्यातली कोठारं, गिरण्या आणि लोहमार्ग उद्ध्वस्त करत गेली. रूळ उखडायचे, रुळांखालच्या लाकडी ओंडक्यांच्या होळीवर लाल होईपर्यंत तापवायचे आणि झाडाच्या बुंध्याभोवती पिळायचे, म्हणजे ते पुन्हा बसवता येत नाहीत. या कूचमध्ये घरं लुटली गेली, साध्या कुटुंबांचे हिवाळ्याचे दाणे गेले, हे मी वर्गात झाकत नाही. त्याचा लष्करी परिणाम मात्र जॉर्जियात नाही, शेकडो मैलांवर पीटर्सबर्गच्या खंदकांत दिसला. तिथल्या जॉर्जियाच्या आणि कॅरोलायनाच्या शिपायांना घरून पत्रं येऊ लागली की खायला काही उरलेलं नाही, या. आणि रात्रीच्या पहाऱ्यावरून माणसं नाहीशी होऊ लागली. स्वतः लींनी फेब्रुवारीत रिचमंडला कळवलं की पळून जाणाऱ्यांची संख्या चिंताजनक आहे. बायकोचं पत्र वाचून बंदूक टाकून निघालेला शिपाई हा मला या युद्धाच्या शेवटाचा सगळ्यात खरा साक्षीदार वाटतो.

२ एप्रिलला पीटर्सबर्गची फळी फुटली. त्याच रात्री दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचं सरकार रिचमंड सोडून पळालं. ली पश्चिमेकडे निघाले, अमीलिया कोर्टहाउसला शिधा मिळेल या भरवशावर. तिथे पोहोचले तर डब्यांत दारूगोळा होता, अन्न नव्हतं. आसपासच्या शेतांतून दाणागोटा गोळा करण्यात एक दिवस गेला आणि तेवढ्यात पाठलाग करणारे पुढे सरकले. ६ एप्रिलला सेलर्स क्रीकला सात हजारांहून अधिक लोक पकडले गेले. ८ला अपोमॅटॉक्स स्टेशनवर उभ्या असलेल्या शिध्याच्या गाड्याही उत्तरेच्या घोडदळाने हस्तगत केल्या. ९ एप्रिलच्या सकाळी पुढचा रस्ता बंद होता.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर इथे आहे. त्या सकाळी लींच्या तोफखान्याचे अधिकारी पोर्टर अलेक्झांडर यांनी सुचवलं की शरण जाण्यापेक्षा सैनिकांना जंगलात पांगू द्यावं, म्हणजे ते आपापल्या राज्यात जाऊन लढत राहतील. लींनी नकार दिला. शिस्त नसलेली उपाशी माणसं लुटारू होतील, त्यांच्यामागे उत्तरेचं घोडदळ गावोगाव फिरेल आणि देशाला यातून सावरायला वर्षानुवर्षं लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या बाजूसाठी ली लढले ती गुलामगिरी टिकवण्याची बाजू होती आणि त्यांच्याविषयीची भाबडी भक्ती मला मान्य नाही. पण त्या सकाळचा हा निर्णय त्यांच्या खात्यावर मांडलाच पाहिजे.

दुसरा निर्णय ग्रँट यांचा. दुपारी अपोमॅटॉक्स गावातल्या विल्मर मॅक्लीन यांच्या घराच्या दिवाणखान्यात दोघे बसले. ली नव्या गणवेशात, कमरेला तलवार. ग्रँट चिखलाने माखलेल्या साध्या शिपायाच्या डगल्यात. ग्रँटनी अटी स्वतःच्या हाताने लिहिल्या. शस्त्रं आणि तोफा जमा करायच्या, अधिकाऱ्यांची स्वतःची घोडी आणि कमरेची हत्यारं त्यांच्याकडे राहतील, आणि पुन्हा शस्त्र न उचलण्याचं वचन देऊन प्रत्येकाने घरी जायचं. वचन आणि कायदा पाळेल तोवर सरकार त्याला हात लावणार नाही. लींनी सांगितलं की आमच्या घोडदळात आणि तोफखान्यात साध्या शिपायांचीही घोडी स्वतःची असतात. लिहिलेला मसुदा ग्रँटनी बदलला नाही, पण सांगितलं की जो घोडा किंवा खेचर आपलं म्हणेल त्याला ते नेऊ द्यायचा हुकूम मी देतो, पेरणीचे दिवस आहेत. लींच्या उपाशी फौजेसाठी २५ हजार माणसांचा शिधाही पाठवला. अटींची पक्की प्रत एली पार्कर यांनी केली. ते सेनेका जमातीतले, आणि ग्रँट यांच्या हाताखालचे अधिकारी. बाहेर उत्तरेच्या तोफा विजयाची सलामी देऊ लागल्या तेव्हा ग्रँटनी त्या बंद करायला लावल्या.

मग गावातल्या खानावळीत छापखाना मांडून रात्रंदिवस चिठ्ठ्या छापल्या गेल्या. शिपायाचं नाव, आणि त्याला घरी जाऊन निर्वेध राहण्याची परवानगी आहे एवढाच मजकूर. सुमारे २८ हजार माणसांना त्या मिळाल्या. ती चिठ्ठी दाखवून वाटेतल्या ठाण्यांवर शिधा मिळे, सरकारी जहाजांतून आणि गाड्यांतून प्रवास करता येई. हरलेल्या माणसाच्या हातात घरी जायचा परवाना असला आणि मागे घोडा असला, तर जंगलात राहून लढायचं कारण त्याच्यापाशी फारसं उरत नाही. बाकीच्या फौजांच्या सेनापतींनीही हाच नमुना पुढे ठेवला. जूनमध्ये नॉरफोकच्या न्यायालयात लींवर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला तेव्हा ग्रँट अडून बसले. मी दिलेला शब्द सरकार मोडणार असेल तर राजीनामा देतो, म्हणाले. खटला पुढे सरकला नाही.

हे सगळं होत असताना १४ एप्रिलला लिंकन यांना गोळी घातली गेली. सूडाची लाट येऊन शरणागतीची बोलणी कोसळतील अशी भीती होती. तरीही २६ एप्रिलला नॉर्थ कॅरोलायनात बेनेट यांच्या शेतावरच्या घरात दक्षिणेचे दुसरे सेनापती जोसेफ जॉन्स्टन यांनी शर्मनपुढे शस्त्रं ठेवली. त्या करारात सुमारे ९० हजार माणसं आली, अपोमॅटॉक्सच्या तिपटीहून जास्त. अभ्यासक्रमात या घराचं नावही नसतं. १० मेला डेव्हिस जॉर्जियात पकडले गेले. टेक्सासमध्ये पाल्मिटो रँचला १२ आणि १३ मेला शेवटची चकमक झाली आणि ती दक्षिणेने जिंकली. दक्षिणेच्या बाजूने लढणारे चेरोकी जमातीतले सेनापती स्टँड वेटी यांनी २३ जूनला हत्यार ठेवलं. 'शेनांडोआ' हे दक्षिणेचं जहाज तर नोव्हेंबरात लिव्हरपूलला जाऊन शरण आलं. कागदोपत्री युद्ध संपल्याची अध्यक्षांची घोषणा टेक्साससह २० ऑगस्ट १८६६ची आहे.

तेव्हा परीक्षेत तारीख विचारली तर ९ एप्रिल १८६५ लिहा आणि कंसात 'लींची शरणागती' असं जरूर लिहा. पण तुम्ही परीक्षेपुरतं विचारलेलं नाही असं दिसतंय, म्हणून आणखी एक तारीख सांगतो. १९ जून १८६५. त्या दिवशी जनरल ग्रेंजर यांनी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात हुकूम वाचून दाखवला की सर्व गुलाम मुक्त आहेत. मुक्तिघोषणेला तोवर अडीच वर्षं झाली होती. तिथल्या सुमारे अडीच लाख माणसांसाठी गेटिसबर्ग, अटलांटा, अपोमॅटॉक्स यांतलं काहीही तोवर घडलेलंच नव्हतं. त्याच हुकुमात त्यांना असंही सांगितलं होतं की शांतपणे आपल्या जुन्या जागीच राहा आणि मजुरीवर काम करा. पुढची बारा वर्षं, १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यसरकारांचं केंद्रीय फौजेने दिलेलं संरक्षण निघेपर्यंत, झगडा याच ओळीवरून चालला. जुन्या मालकाच्या त्याच शेतावर, पण कोणत्या अटींवर?